लगेज डब्यातला मोगरा

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला आला आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच निघाला. वसईच्या पश्चिम पट्ट्यात, म्हणजे निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी या गावांच्या वाड्यांत, त्या आठवड्यात मोगरा भरात होता. ज्यांनी झेंडू लावला होता त्यांनी तो पाडव्याच्या मापाने लावला होता. झेंडूचे रोप लावल्यापासून साधारण दोन महिन्यांनी फुलावर येते, त्यामुळे पाडव्याचा झेंडू जानेवारीतच मोजून लावावा लागतो. दोन महिन्यांचे पाणी, खत आणि मजुरी त्या एका सणावर लावलेली असते. सण आला, फुले आली. लोकल मात्र २३ मार्चपासून बंद होती.

महामारीत शेतीचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर सहसा पिकापासून सुरू होते: पेरणी झाली का, मजूर मिळाले का, उत्पादन किती आले. वसईत ते रेल्वेपासून सुरू करावे लागते. इथे त्या वर्षी पिकाला काही झाले नव्हते. विहिरींना आणि बावखलांना, म्हणजे वाडीतल्या तळ्यांना, पाणी होते, उन्हाळा नेहमीसारखा होता, रोग माणसांना झाला होता, झाडांना नाही. तरीही वाडीचा हिशेब आठवडाभरात कोलमडला. तो कसा, हे पाहण्यासाठी आधी ही वाडी मुळात कशावर उभी आहे ते पाहायला हवे.

वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये झाली. २०११ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या बारा लाखांच्या पुढे होती. रेल्वेच्या पूर्वेला आणि स्टेशनांच्या आसपास इमारतींची दाटी आहे. पश्चिमेला समुद्राकडे मात्र अजून हिरवा पट्टा टिकून आहे. तो टिकला याला मातीइतकेच लोकांचे भांडणही कारण आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांची हरित वसई चळवळ झाली नसती, तर हे लिहायला शेत उरले असते की नाही कोण जाणे. इथली जमीन एकरात कमी आणि गुंठ्यात जास्त मोजली जाते. सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, माळी, सामवेदी ब्राह्मण, भंडारी अशा अनेक समाजांच्या या वाड्या. दहा-वीस गुंठ्यांत केळी, नारळ, अळू, पालेभाज्या, बांधाला सोनचाफा, एका कोपऱ्यात मोगरा किंवा जास्वंद. इतक्या लहान तुकड्यावर भात लावून घर चालत नाही. घर चालते ते रोज थोडे थोडे विकल्या जाणाऱ्या, नाजूक आणि म्हणून महाग मालावर.

नाजूक माल पिकवायची हिंमत करता येते, कारण दादर जवळ आहे. विरारहून दादर रेल्वेने सुमारे पन्नास किलोमीटर. वसईची खाडी लोकल काही मिनिटांत ओलांडते. रस्त्याने जायचे तर महामार्गाला लागून, वर्सोव्याच्या पुलावरून वळसा घालून जावे लागते. लोकलला लगेजचा डबा असतो. पहाटेच्या अंधारात फुलांच्या टोपल्या, केळीच्या पानांच्या जुड्या, दुर्वा, बेल, तुळस आणि भाजीच्या पाट्या त्या डब्यातून दादरला उतरतात, काही बोरिवलीला, मालाडला, पार्ल्याला. या वाहतुकीचा खर्च म्हणजे काही शेकड्यांचा महिन्याचा पास. टेम्पोवाल्याचे भाडे, दलालाची अडत, बाजार समितीचा सेस यांतले काहीही न भरता शेतकऱ्याच्या घरातली बाई थेट मुंबईच्या फुटपाथवर गिऱ्हाईकासमोर बसते. दहा गुंठ्यांची वाडी परवडण्याचे रहस्य, रहस्यच म्हणायचे तर, हेच आहे. शेतीवरच्या अहवालांत शीतगृहे असतात, गोदामे असतात, पणन सुधारणा असतात. लगेज डबा मात्र कुठे दिसत नाही. वसईच्या शेतीची सर्वांत मोठी पायाभूत सोय तीच असावी, असे माझे मत आहे.

ही सोय एका रात्रीत बंद झाली. शेतीवर बंदी आली होती असेही नाही. २७ मार्चलाच केंद्राने शेतीची कामे, कापणी, बाजार समित्या यांना टाळेबंदीतून सूट दिली. म्हणजे फुले पिकवायला परवानगी होती, खुडायलाही होती. पण सिद्धिविनायक मंदिर १६ मार्चपासूनच बंद होते. त्यापाठोपाठ राज्यातली सगळी देवळे बंद झाली, लग्ने थांबली, दादरचा फुलबाजार ओस पडला. पाडवा, रामनवमी, हनुमान जयंती, ईस्टर, अक्षय तृतीया हे सारे ओळीने बंद दारांआड गेले. शेतकऱ्याला सूट होती, त्याच्या गिऱ्हाईकाला नव्हती.

आता एक आकडा. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचे सकल उत्पादन २३.९ टक्क्यांनी घटल्याचा अंदाज ऑगस्टअखेर जाहीर झाला. त्यात एकटी शेती ३.४ टक्क्यांनी वाढलेली होती. वर्तमानपत्रांनी मथळे दिले, भाषणांत वाक्ये आली: सगळे बुडाले, शेती तरली. आकडा चुकीचा नव्हता. रब्बीचा गहू तयार होता, सरकारी खरेदी झाली, धान्य गोदामात गेले. गव्हाला थांबता येते. महिनाभर खळ्यावर राहिला तरी तो गहूच असतो, आणि त्याला हमीभावाने घेणारे गिऱ्हाईक, म्हणजे सरकार, कधी आजारी पडत नाही.

मोगऱ्याला थांबता येत नाही. कळी मिटलेली असतानाच खुडायची. उमलली की गजऱ्याच्या कामाची राहत नाही. म्हणून पिकांची विभागणी अन्नधान्य आणि नगदी अशी न करता, माल किती दिवस थांबू शकतो यावर करून पाहावी. मोगरा आणि सोनचाफा एक दिवस. पालेभाजी दोन. दूध सकाळचे संध्याकाळपर्यंत. शिराळी, दुधी, वांगी चार-पाच दिवस. नारळ काही आठवडे. या उतरंडीत वर चढायचा एक जुना मार्ग वसईकरांना ठाऊक आहे. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, सुकलेल्या पानात बांधून जी सुकेळी करतात, ती महिनोन्‌महिने राहते. चार दिवसांत काळे पडणारे फळ या युक्तीने वर्षभराचे होते. पण सुकेळीला श्रम फार, करणारी घरे थोडी, आणि मोगऱ्याची सुकेळी होत नाही.

थांबता न येण्याचा खरा चटका खर्चाच्या बाजूला बसतो. कारखाना बंद केला की कच्चा माल लागत नाही, विजेचे बिल उतरते. फुलबाग बंद करता येत नाही. विकायचे नाही म्हणून झेंडू झाडावरच ठेवला तर पुढची फुले धरत नाहीत. मोगऱ्याच्या कळ्या काढल्या नाहीत तर कळी पोखरणारी अळी तिथेच वाढते. म्हणून खुडायचे आणि बांधावर टाकायचे. त्या उन्हाळ्यात राज्यात ठिकठिकाणी शेतकरी फुले तोडून फेकताना दिसत होते. शहरी वाचकाला तो वैतागाचा किंवा निषेधाचा प्रकार वाटला असेल. बहुतेक वेळा तो निव्वळ बागेचा सांभाळ होता. पाणी चुकवता येत नाही, पंपाचे बिल चुकत नाही, खुडणीची मजुरी चुकत नाही. उत्पन्नाच्या रकान्यात शून्य आणि खर्चाच्या रकान्यात जवळपास नेहमीचीच रक्कम, असा हा हिशेब होता. ज्यांची घरची माणसे खुडणीला होती त्यांची रोख मजुरी वाचली. मजुरांवर अवलंबून असलेल्यांनी एक तर कामावर येणाऱ्या आदिवासी बायांना येऊ नका म्हणून सांगितले, किंवा उधार ठेवले. तोटा नाहीसा झाला नाही, एका घरातून अधिक गरीब घरात गेला.

तिकडे वर जव्हार-विक्रमगडच्या डोंगरपट्टीत आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावायला सुरुवात करून काही वर्षे झाली होती. स्थलांतर थांबावे, वीटभट्टीवर जावे लागू नये, घरबसल्या रोज चार पैसे हातात यावेत हा त्यामागचा विचार, आणि तो चांगलाच होता. त्यांचाही मोगरा दादरलाच जात असे.

भाजीची गोष्ट वेगळी झाली. भाजी अत्यावश्यक ठरली. शिवाय ११ ते १७ मे या काळात वाशीची बाजार समिती संसर्गामुळे बंद ठेवावी लागली, तेव्हा मुंबईला भाजी हवीच होती. वसईच्या वाडीवाल्याला मुंबईला पोचता येईना, पण नालासोपारा-विरारचे लाखो लोक तर दारातच होते. एरवी ते बाहेरून आलेली भाजी स्टेशनाबाहेर विकत घेत आणि वसईची ताजी भाजी त्यांच्या नाकासमोरून लोकलने मुंबईला जाई. टाळेबंदीत हा विनोदी प्रकार काही काळ थांबला. व्हॉट्सॲपवर याद्या फिरू लागल्या, सोसायट्यांच्या फाटकावर पिशव्या जाऊ लागल्या. राज्याच्या कृषी खात्यानेही शेतकरी गटांमार्फत थेट सोसायट्यांना भाजी देण्याचा उपक्रम शहरांत चालवला. ज्याच्या घरात स्कूटर आणि स्मार्टफोन हाताळणारा तरुण मुलगा किंवा मुलगी होती, त्याने त्या दोन महिन्यांत एरवीपेक्षा बरे पैसे केले असतील.

पण तरुण मुलाने स्कूटरवरून केलेली विक्री आणि त्याच्या आईची पार्ल्यातली बैठक यांत एक फरक आहे. आईची गिऱ्हाइके वीस-वीस, तीस-तीस वर्षांची होती. कुणाकडे चवथीला जास्वंदीच्या कळ्या लागतात, कुणाला अळूची पाने वडीची हवीत आणि कुणाला फदफद्याची, हे तिला पाठ होते. या ओळखीला ताळेबंदात जागा नसते. तिच्या ठरलेल्या जागेवर कोणी दुसरा बसला, तर ती परत मिळवायला काय मोल पडते हेही कुठे लिहिलेले नसते. शिवाय घरातली रोख तिच्या हाती होती. रोजच्या विक्रीतून भिशी, मुलांची फी, औषधे आणि दुसऱ्या दिवशीची मजुरी निघत असे. विक्री मुलाच्या मोबाईलवर गेली तेव्हा पैसाही त्याच्या खात्यात जमा होऊ लागला. ती घरी बसली.

दुधाचे दुखणे राज्यभर सारखेच होते. हॉटेले आणि मिठाईची दुकाने बंद झाली, म्हणजे दुधाचे घाऊक गिऱ्हाईकच गेले. राज्य सरकारने रोज दहा लाख लिटर अतिरिक्त दूध लिटरला २५ रुपयांनी घेऊन त्याची भुकटी करायचे ठरवले. भुकटी म्हणजे दुधाची सुकेळीच. त्यानंतरही खासगी खरेदीचे दर पडलेच आणि जुलैअखेर, ऑगस्टच्या सुरुवातीला दूध उत्पादक रस्त्यावर आले.

लोकल कधी आणि कोणासाठी उघडली, याची यादी वाडीवाल्याच्या नजरेने वाचण्यासारखी आहे. १५ जून २०२० ला ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी सुरू झाली. शेतकरी कुणाचा कर्मचारी नसतो. त्याच्याकडे ओळखपत्र नाही, आणि मोगरा अत्यावश्यक आहे असे सांगायला तोंड नाही. ७ ऑगस्टला देवळालीहून दानापूरला देशातली पहिली किसान रेल्वे निघाली, तिचे कौतुक झाले, ते योग्यच होते. त्या दिवशी विरारच्या फुलवाल्याला लगेज डब्यात चढण्याची परवानगी नव्हती. २१ ऑक्टोबरपासून सर्व स्त्रियांना प्रवासाची मुभा मिळाली, पण सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. ऑफिसच्या गर्दीचा विचार करून वेळा आखल्या होत्या. फुलबाजार पहाटे भरतो. अकराला निघालेली बाई दादरला पोचेपर्यंत तिथली फुलवाली मंडळी आवरून परतीला लागलेली असतात. १ फेब्रुवारी २०२१ पासून मात्र सर्वांना पहिल्या लोकलपासून सकाळी ७ पर्यंत मुभा आली आणि या वेळा पहिल्यांदाच फुलांच्या घड्याळाशी जुळल्या. मोगऱ्याचा हंगाम नुकताच सुरू होत होता. जेमतेम अडीच महिने गेले, आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने दारे पुन्हा लागली.

मदतीचे काय? पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिल २०२० मध्ये लवकर दिला गेला. कर्जाच्या हप्त्यांना रिझर्व्ह बँकेने आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली. व्याज चालूच राहिले. पीक विमा पिकाच्या नुकसानीचा असतो, आणि पीक तर उत्तम आले होते. पाऊस, वादळ, गारपीट यांना पंचनामा आहे. बंद बाजाराला नाही. तलाठी वाडीत येऊन काय लिहिणार? फुले आहेत, टवटवीत आहेत.

शेजारच्या कर्नाटकाने मे २०२० मध्ये फुलउत्पादकांना हेक्टरी २५,००० रुपये, जास्तीत जास्त एका हेक्टरपर्यंत, जाहीर केले. फुलशेतीचे नुकसान वेगळे आहे हे मान्य करणारा तो निर्णय होता. पण तो वसईला लावून पाहा. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा हिस्सा, म्हणजे २,५०० रुपये. गुंठ्यावर हेक्टराइतके कष्ट आणि पैसा ओतणाऱ्या शेतीला क्षेत्रफळाने मोजले की असेच होते. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर आपल्या राज्याने फळबागांना हेक्टरी ५०,००० रुपये देऊ केले. त्याच मापाने दहा गुंठ्यांना ५,००० होतात.

नेदरलँड्सने दुसरा मार्ग घेतला. मार्च २०२० मध्ये तिथल्या आल्समीरच्या जगप्रसिद्ध लिलावगृहातही ट्रॉल्या भरभरून फुले नष्ट केली गेली. डच सरकारने एप्रिलमध्ये फुले, भाजीपाला आणि बटाटा उत्पादकांसाठी ६५ कोटी युरोंची योजना आणली. तिच्यात शेतकऱ्याची जमीन किती हे विचारले नाही. आधीच्या वर्षांत तुमची उलाढाल किती होती आणि यंदा किती घसरली, ते विचारले. हे न्याय्य आहे, आणि लिलावगृहाकडे प्रत्येक दांड्याची नोंद असल्यामुळे शक्यही आहे. वसईची मावशी मागच्या तीन वर्षांची उलाढाल कशी दाखवणार? तिचा सगळा धंदा पदराच्या गाठीत. पावती नाही, अडत नाही, सेस नाही. एरवी ज्या गोष्टींमुळे तिची वाडी परवडत होती, त्याच गोष्टींनी तिचा तोटा अदृश्य केला. त्यात सातबारा सासऱ्याच्या किंवा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे कागदोपत्री ती शेतकरीही नाही. मला या साऱ्या प्रकरणातली ही गोष्ट सर्वांत जास्त छळते.

वसईला साथी नव्या नाहीत. इटालियन प्रवासी जेमेली करेरी १६९५ मध्ये वसईत आला, तेव्हा त्याने इथल्या बागांचे तोंड भरून वर्णन केले आणि शहराचा उत्तरेकडचा भाग प्लेगने ओस पडल्याचेही नोंदवले. १३ मार्च २०२० ला राज्याने जो साथरोग कायदा लागू केला, तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या धास्तीतून जन्मलेला. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली, त्यातच पाऊस दगा देऊन गेला आणि धान्य महागले. तेव्हा पिकाला हात कमी पडले होते. २०२० मध्ये हात होते, पीक होते, घेणारा नव्हता. त्याच १९१८ साली, साथीच्या काही महिने आधी, मोन्सेन्यॉर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने वसईत एक सहकारी पतसंस्था उभी राहिली. वाडीवाल्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवणे हा तिचा हेतू. आजची बॅसीन कॅथॉलिक बँक ती हीच. भोवतीच्या सहकारी बँका, पतपेढ्या, भिश्या आणि शेवटी घरातले सोने ही वसईची खरी आपत्ती निवारण यंत्रणा आहे. २०२० मध्ये सोन्याचे भाव विक्रमी होते, आणि सोने तारण ठेवणाऱ्याला त्यातल्या त्यात तेवढा दिलासा.

दुसरी यंत्रणा म्हणजे घरातला पगार. वसईच्या पश्चिमेला निव्वळ शेतीवरचे घर आता शोधावे लागते. एक भाऊ वाडीत, दुसरा मुंबईत नोकरीला, सून शाळेत. अर्थतज्ज्ञ याला जोखीम विभागणे म्हणतात. पगार बँकेतला किंवा शाळेतला असेल तर त्याने वाडी पोसली. हॉटेलातला, विमानतळावरचा किंवा बोटीवरचा असेल तर तो वाडीबरोबरच बुडाला, कारण दोन्ही टोपल्या एकाच मुंबईच्या डोक्यावर होत्या. आणि ज्या घरात प्रत्यक्ष आजार शिरला, तिथे हिशेबच संपला. एप्रिल २०२१ मध्ये वसई-विरारने खाटांसाठी आणि प्राणवायूसाठी धावाधाव पाहिली. २३ तारखेच्या पहाटे विरारमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला लागलेल्या आगीत रुग्ण दगावले. रुग्णालयात भरायची अनामत रक्कम आणि एका हंगामाचा मोगरा यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

त्यातून सावरायच्या आत १७ मे २०२१ ला तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले. केळीच्या बागा आडव्या झाल्या, झाडे पडली, वीज गेली ती कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस आली नाही. या वेळी मात्र पंचनामे झाले, कारण आता नुकसान डोळ्यांना दिसत होते.

१५ ऑगस्ट २०२१ पासून लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली. ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, देवळे उघडली आणि दादरला पुन्हा झेंडूचे ढीग लागले. त्या हिवाळ्यात मोगरा असलेल्यांपुढे एक जुना निर्णय नव्याने उभा राहिला. मोगऱ्याचे पाणी तोडून, हिवाळ्यात छाटणी करून, मग खत-पाणी दिले की उन्हाळ्याच्या तोंडाशी कळ्या धरतात. छाटणी म्हणजे पुढच्या हंगामावर लावलेले पैसे. ते दोनदा बुडाले होते. काहींनी झुडपे उपटून त्या जागी भाजी केली होती. उरलेल्यांनी कात्री काढली. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन आला, पुन्हा निर्बंध लागले, माणसे पुन्हा रोज संध्याकाळी बातम्या ऐकू लागली. या खेपेला लोकल चालू राहिली. कळ्या धरल्या, आणि विरारहून पहाटे सुटणाऱ्या गाडीच्या लगेज डब्यात ओल्या फडक्याने झाकलेल्या टोपल्या पुन्हा चढल्या. डब्यात बसायच्या जागेवरून भांडणेही पुन्हा सुरू झाली होती.